बोटभर भुईआवळी

श्रा. शु. ४

हिचे डोळे पिवळे. काल म्हणाली, हळदीच्या हातानं चोळले असतील. मीही हसण्यावारी नेलं. आज नखंही तशीच. कावीळच. बरणीतली गेल्या सालची भुईआवळी काढली. वास उडालेला, तरी काढा करून दिला. ताजी हवी. आण्णांच्या वहीत लिहिलंय (वडिलांचं अक्षर, त्यापुढं माझी काय टाप): श्रावण वद्यात पुष्य नक्षत्र पाहून, आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता टाकून बोलावणं करावं, सकाळी न बोलता मुळासकट काढावी. पंचांग पाहिलं. पुष्य वद्य त्रयोदशीला. पोळ्याच्या दोन दिवस आधी. तोवर काय करू?

श्रा. शु. ७

पाऊस मृगात पडला तेवढाच. माळावर गेलो, नुसतं बघायला. वहीत भुईआवळी हातभर. इथं बोटभर, आणि पानांखाली दाणे पिकून तयार. काही झडलेसुद्धा. इतकी कसली घाई?

साळूबाई धनगरीण मेंढरं घेऊन तिथंच होती. म्हणाली, तीन-चार सालं हेच चाललंय. तरवड अवेळी फुलतो, गवत वीतभर व्हायच्या आत तुरा टाकतं. पाऊस दगा देणार हे त्यांना आधीच कळतं म्हणे. मी म्हटलं, पुष्याला अजून अवकाश आहे. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की कळपातलं चुकलेलं मेंढरू मीच.

"वैदबुवा, पंचांग तुमी बगा. ह्याला वाचता येत न्हाई."

रिकाम्या हातानं परत. वर राग तिच्यावरच.

श्रा. शु. ९

परसातले दोन वाफे, नुसते बियासाठी; औषधाला रानचीच लागते. एकात आण्णांच्या गाठोड्यातलं जुनं बी, ही वाईट सालं लागायच्या आधीचं. दुसऱ्यात गेल्या साली माळावरून आणलेलं. दोन्ही मृगात एकाच दिवशी पेरली. माती तीच, पाणी सारखं मोजून. माळाच्या बियाची रोपं दाणे धरून मोकळी झाली. आण्णांची ऐटीत वाढतायत, कळीचा पत्ता नाही.

म्हणजे घाई बियातच उतरली. जी निवांत होती ती दुष्काळात बी न टाकताच गेली असणार. घाईवालीची लेकरं तेवढी उरली. असंच असेल. की मी आपला काहीतरी… आण्णा असते तर विचारलं असतं. सकाळपासून तीनदा वाफे पाहून आलो. पेशंट दारात खोळंबलेत.

श्रा. शु. १२

ही जेवत नाही. भाताचा वासही नको. बरणीतल्या काढ्यानं काडीचा फरक नाही. म्हटलं, माळावरची आजच आणतो. तर उठून बसली. नवी नवरी असताना तिला कावीळ झाली होती, आण्णांनी पुष्यावर काढलेल्या भुईआवळीनं बरी केली. ते ती विसरत नाही.

"मामंजींनी बिनबोलावलेलं झाड कदी तोडलं का? तसलं मी पिणार न्हाई."

वीस वर्षं हेच मी लोकांना सांगत आलो, आता कोणत्या तोंडानं उलट सांगू? लई भीती वाटते.

श्रा. पौर्णिमा

विहिरीनं तळ गाठला. वाफ्यांचं पाणी बंद करावं लागलं. केजहून महसुलाचा गिरदावर पिकं लिहायला आला, बांधावरूनच पाहिलं, टोपीनं वारा घेत बसला.

संध्याकाळी परसात गेलो. आण्णांच्या बियाची रोपं वाळून आडवी. उंच झाली होती, पण दाणा एकही नाही. गाठोडंही आता रिकामं. रडू आलं. हिला दिसू नये म्हणून रहाटाजवळ उभा राहिलो.

श्रा. व. २

ही दिवसभर झोपून. हाक मारली की उशिरानं ओ देते. कोणता वार तेही विचारत नाही. दुपारी माळ गाठला. भुईआवळी सगळी वाळलेली, दाणे मातीत. उशीर केला, मीच केला. साळूबाईनं ओढ्याकाठची दगडाआडची सावली दाखवली. तिथं मूठभर हिरवी होती, तीही बोटभरच.

उपटायला वाकलो आणि हात पुढं जाईना. दिवस मावळतीला आला होता, जवळ अक्षता नाहीत. साळूबाईच्या फडक्यातले ज्वारीचे चार दाणे मागून घेतले, झाडापुढं ठेवले. म्हटलं, पंचांगात आज काही नाही, तरी उद्या चल.

साळूबाई हसली नाही.

श्रा. व. ३

सकाळी काढली. ताकात वाटून वाटी हिच्यापुढं धरली.

"आज पुष्य हाय?"

हो म्हटलं. औषध देताना जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो.

वाटी दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मग पोळा परवाच आला की."

पोळ्याला अजून बारा दिवस. आळीत कुणी शिंगांना रंगसुद्धा आणलेला नाही. आणि या घरात सणवार तिला तोंडपाठ, मी तिलाच विचारून लिहितो. मान वर करवेना.

ती वाटी तळापर्यंत प्यायली. ओठ पुसून कुशीवर वळली. डोळे मिटून घेतलेत, रंग कळत नाही. उशाशी बसलोय.