पिठाच्या डब्यातले बूट

बाब्यास आईचा आशीर्वाद,

आज घरी आधी कोण टपकलं सांगू? हाडांचा डॉक्टर! तोच रे, "हिचं पळणं आता विसरा" म्हणणारा. आजच्या शर्यतीत तोही होता आणि तुझ्या लेकीने त्याला मागे टाकलं. एकवीस किलोमीटर! दारातच म्हणाला, "आजी, हरलो बुवा." मागोमाग तिच्या मैत्रिणी आल्या, त्यांनी तर घर डोक्यावर घेतलं.

गुडघा मोडला तेव्हा तू तिचे बूट भंगारात द्यायला सांगितलंस. मी "दिले" म्हणाले, पण वर्षभर पिठाच्या जुन्या डब्यात लपवले. अजून झटकले की पांढरा धूर निघतो! माझं खोटं तुला कळेल, म्हणून हे पत्र काही मी पोस्टात टाकत नाही.

रविवारी सगळे परत येणार आहेत. डॉक्टर तिच्याकडून पळायला शिकणार म्हणे.

तुझी खोटारडी आई