एक्स-रेवाल्याच्या बायकोला किरण

बाबा,

आईला रेडिएशन द्यायचं ठरलं तेव्हा तिने तुमचाच हवाला देऊन ठाम नकार दिला. छातीतली गाठ ऑपरेशनने काढली होती, पण मागे राहिलेली एखादी पेशी पुन्हा वाढू नये म्हणून किरण द्यावे लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई घरी आली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून म्हणाली, "तुझे बाबा आयुष्यभर त्या किरणांपासून लांब राहिले. जास्त झाले तर कॅन्सर होतो म्हणायचे. आणि तुम्ही मला तेच घ्यायला सांगता?" भाईंदरच्या त्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये तुम्ही एक्स-रे काढायचात, तेव्हापासून ही भीती माझ्याही हाडीमासी मुरलेली.

मी दुसरीत असेन. दारावरचा लाल दिवा न बघता मी सरळ आत घुसले. कधी आवाज न चढवणारे तुम्ही असे ओरडलात, की टेबलावर झोपवलेले पेशंट आजोबाही उठून बसले. मी भोकाड पसरलं. मग तुम्ही मला बाहेर बाकावर शेजारी बसवलंत, माझं नाक पुसलंत आणि सांगितलंत, "हे किरण दिसत नाहीत, पण शरीरात आत बारीक मोडतोड करतात. थोडी असली तर शरीर दुरुस्त करतं. पण दुरुस्ती चुकली, तर खूप वर्षांनी त्याचाच आजार होऊ शकतो." त्यानंतर उसाचा रस पाजलात, म्हणून तो दिवस माझ्या लेखी चांगलाच गेला. आईने मात्र ते मनावर घेतलं. तुम्ही कामावरून आलात की आंघोळ केल्याशिवाय मला जवळ घेऊ द्यायची नाही. "अगं, किरण म्हणजे काय चिखल आहे, अंगाला चिकटायला?" असं म्हणत तुम्ही बादली भरायचात.

शेवटी मी आईला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि म्हटलं, काय ते तूच विचार. तिने विचारलंही. बाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर बरोबरच सांगायचे. किरण पेशीची मोडतोडच करतात. पण कॅन्सरच्या पेशीला स्वतःची डागडुजी नीट जमत नाही, ती मरते. चांगल्या पेशी बऱ्याचशा सावरतात, म्हणून तर आम्ही रोज थोडं थोडं देतो, नेमकं तिथेच."

"आणि या किरणांनीच परत झाला तर?"

"होऊ शकतो. खोटं नाही सांगणार. पण फार थोड्यांना, आणि तोही बहुतेक खूप वर्षांनी."

आईने मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे मी तेव्हा नव्वदीची?"

"जवळपास."

"मग चालेल की! तोवर नातवाचं लग्न होईल." बाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली.

पहिल्याच दिवशी आईला मशीनखाली झोपवून सगळे बाहेर पडले आणि जाड दार लागलं. बाहेर आल्यावर तिने मशीन चालवणाऱ्या, तारोडी गावच्या पोरीला फैलावर घेतलं. "मला एकटीला टाकून पळालात होय गं?" ती म्हणाली, "भ्यायचं काय न्हाय, आजी. तुमाला हवं तिथंच लागतंय. मी रोज सगळ्यांसंगं आत थांबले तर मला नको तिथं लागंल." आईला हे एकदम पटलं. तुमची आठवण आली असावी, कारण त्या पोरीसाठी ती दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या घेऊन गेली.

पुढे कातडी काळवंडली, थकवा यायचा, दुपारभर झोपून असायची. पण घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय नातवाला मांडीवर घेईना! मी कितीही सांगितलं, की बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत, तरी ऐकेल तर शपथ. आता सगळं संपलंय, तपासण्या ठीक आहेत, आणि ती रिक्षावाल्यांशी पुन्हा तिच्या त्या हिंदीत भांडतेय.

हे पत्र कुठे टाकणार, बाबा? पण एक कबूल करते, आईला सांगू नका. त्या दिवसांत रोज सकाळी आम्ही दोघीच जायचो आणि येताना इडली खायचो. लग्नानंतर एवढी आई मला कधी मिळाली नव्हती. शेवटच्या दिवशी सगळे पेढे वाटत होते, आणि मला मात्र जरासं वाईट वाटत होतं.