लाल चिलखतातला धोंडिबा

परदेशीपुरा, इंदूर
रविवार, ९ डिसेंबर २००७

प्रिय पंचशील,

जयभीम. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढतोय. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, यात तुझी लिहिण्यावाचण्याची मराठी राहूनच गेली, आणि मीही कधी तुला घेऊन बसलो नाही. तुझी आई विहारात वंदनेला गेली आहे. ती यायच्या आत हे लिहून पाकीट बंद करायचं आहे, कारण यातलं सगळं तिला माहीत नाही. तिची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात. शेव-परमल खाताना अजूनही तुझ्यासाठी कांद्याशिवायचं वेगळं काढते, मग परत डब्यात ओतते.

तू गेलास त्याला अडीच वर्षं झाली. मी सगळ्यांना सांगितलं की पेपर बुडवून सायबर कॅफेत खेळत बसला होता म्हणून मारलं, बाप आहे, दोन हात लावले, यात एवढं काय. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. तो दिवस माझ्या बाजूनेही तुला कळायला हवा. मिलचा भोंगा बंद पडला तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. त्यानंतर मी हातगाडी लावली, प्रेसमध्ये कागद कापले, सोसायट्यांत रंग दिले, पण अंगावर दुसऱ्याचा गणवेश कधी चढवला नव्हता. त्या आठवड्यात मी नव्या मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड म्हणून लागलो होतो. घरी सुपरवायझर म्हणून सांगितलं होतं. खाकी शर्ट पिशवीत घालून न्यायचो आणि तिथल्या संडासात बदलायचो. विणाई खात्यात वीस वर्षं कापडाचे चार चार साचे चालवलेला माणूस दरवाज्यात उभं राहून बायकांच्या पर्सा तपासतो, हे तुला दिसू नये एवढीच माझी धडपड होती.

मग मिलमधला एक जुना सोबती म्हणाला, तुमचा मुलगा अन्नपूर्णा मंदिराजवळच्या कॅफेत रोज दिसतो. मी हातातलं काम टाकून तसाच निघालो. कपडे बदलायचं भान राहिलं नाही. तू पाठमोरा बसला होतास. समोर एक लाल चिलखतातला माणूस तलवार घेऊन लढत होता. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला तर तू मान न वळवता म्हणालास, "पप्पा, दो मिनट. मैं हटा तो सब मर जाएँगे." आवाज न ऐकता, नुसत्या हातावरून तू मला ओळखलंस, हे मला फार नंतर सुचलं. शेजारच्या मुलाने माझ्या गणवेशाकडे पाहिलं आणि तुला विचारलं, "कौन है भिया?" तू म्हणालास, "कोई नहीं."

पंचशील, मी त्या दोन शब्दांसाठी मारलं. पेपर तर मी विसरूनच गेलो होतो. वायर खेचली, पडदा काळा झाला, आणि पुढे मी जे बोललो ते हिंदीत बोललो. तुझ्यावर मी कधी हिंदीत रागावलो नव्हतो. कदाचित म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून गेलं. "मेरा भी कोई नहीं. जा, मर जा कहीं." सगळे ऐकत होते. तू खुर्ची नीट आत सरकवलीस आणि बाहेर गेलास. घरी आलास, जेवलास, आईला पापड भाजून मागितलास. सकाळी तुझी गादी घडी घातलेली होती.

महूला तुझे आजोबा फौजेत असताना राहायचे त्या जुन्या घरांपासून खंडवा, भुसावळपर्यंत सगळीकडे फिरलो. पोलिसांत फोटो दिला. सहा महिन्यांनी पाय आपोआप त्या कॅफेकडे वळले. चालवणाऱ्या बाई, सुनीताजी, मला पाहून उठल्याच. त्यांना वाटलं परत भांडायला आलो. मी विचारलं, तो इथे येतो का? म्हणाल्या, इथे नाही, पण तो खेळ कुठूनही खेळता येतो. "जहाँ भी होगा, खेलता तो होगा. ढूँढना है तो अंदर जाके ढूँढो, काका." मी आत म्हणजे मागच्या खोलीत पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पहिल्यांदा म्हणाल्या, "क्लास चुनो." मला वाटलं शिकवणीचा क्लास. म्हटलं, मला अगदी पहिलीपासून शिकवा. त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. पडद्यावर पाच माणसं ओळीने उभी होती, बटण दाबलं की एकेक पुढे येऊन गोल फिरायचा. त्यांनी एकेकाचं काम सांगितलं. योद्धा सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खातो. तिरंदाज लांबून मारतो. जादूगार आग लावतो. चोर मागून येतो. मी म्हटलं, चोर हाही क्लास? म्हणाल्या, सगळ्यात जास्त मुलं तोच घेतात. शेवटी पांढऱ्या झग्यातला एक, हातात काठी, कंबरेला काही नाही. हा हीलर, म्हणाल्या, दुसऱ्यांच्या जखमा भरतो, स्वतः कुणाला मारू शकत नाही, म्हणून कुणी बनत नाही. "पर सब उसी को ढूँढते हैं. हर टोली को एक चाहिए."

मी विचारलं, पंचशीलने कोणता घेतला होता? योद्धा, म्हणाल्या. नाव काय ठेवलं होतं? त्यांनी जुन्या वहीत पाहिलं आणि वाचलं, धोंडिबा. मला थोडं पाणी मागावं लागलं. तुझ्या आजोबांचं नाव. ते गेले तेव्हा तू तिसरीत होतास. मला वाटायचं तुला ते आठवतही नसतील. ते मला महूच्या भरतीला नेणार होते आणि मी पळून मिलच्या गेटवर उभा राहिलो होतो. ते वर्षभर बोलले नाहीत, पण तुझा क्लास तू निवड, अशा अर्थाचं काहीतरी शेवटी म्हणाले आणि डबा भरून दिला. तू बारावीनंतर भरतीचं नाव काढलंस तेव्हा मी तेवढंही केलं नाही. फॉर्म फाडला. मिलने मला बुडवलं होतं, म्हणून मला सगळ्यात सुरक्षित जागी तुला बसवायचं होतं, आणि तेव्हा सगळे म्हणत होते, कॉम्प्युटर. तुला काय हवं ते मी विचारलं नाही.

सुनीताजी म्हणाल्या, विचार करून सांगा, एकदा चुनला की बदलत नाही. मी पांढऱ्या झग्यावर बोट ठेवलं. तू टोळी घेऊन कुठे जात असशील, तुला हीलर लागेल, तू माझ्याकडे येशील, एवढाच हिशोब होता. मारुती हे नाव कुणीतरी आधीच घेतलेलं होतं, म्हणून मारुतीच्या पुढे बावन्न लावलं, माझं जन्मसाल.

ड्यूटी दुपारची करून घेतली आणि सकाळी नऊ ते अकरा तिथे बसू लागलो. पहिले पंधरा दिवस मला रानडुकरं मारत होती. हसू नकोस. भिंतीत तोंड घालून चालत राहायचो, कारण मागे वळायचं कसं ते कळत नव्हतं. मुलं विचारायची, भिया कितने साल के हो, मी खरं सांगायचो तर विश्वास ठेवायची नाहीत. मग जमायला लागलं. कुणाचं रक्त उतरलं की डाव्या बाजूची पट्टी लाल होते, तेवढ्यात मंत्र दाबायचा. साच्यावर धागा तुटायच्या आधी हाताला कळतं, तसंच ते होतं. एका सकाळी एका गुहेत मी चार पोरांना शेवटपर्यंत जिवंत ठेवलं. त्यांनी पडद्यावर खूप काही लिहिलं, सुनीताजींनी वाचून दाखवलं. मिल बंद झाल्यानंतर माझ्या कामाला कुणी पहिल्यांदाच छान म्हटलं. पुढच्याच आठवड्यात आमच्या टोळीचा योद्धा मधेच गायब झाला, त्याच्याकडची लाइट गेली असेल. आम्ही उरलेले चौघे एका मिनिटात मेलो. मी खुर्चीत बसून राहिलो. तू फक्त दोन मिनिटं मागितली होतीस.

भेटेल त्याला मी एकच विचारायचो, इंग्रजी अक्षरांत, धोंडिबा देखा क्या. दीड वर्ष. मग या ऑगस्टमध्ये, खेळातल्या मोठ्या शहराच्या विहिरीपाशी, लाल चिलखत दिसलं आणि डोक्यावर नाव. धोंडिबा. मला बटणं सापडेनात. तुला कुठे लागलं नव्हतं, तरी मी तुझ्यावर मंत्र टाकत राहिलो. हिरवा उजेड पडत राहिला. मग लिहिलं, पंचशील. मग लिहिलं, बेटा, पप्पा. आधीचं सगळं माफ, असंही लिहिणार होतो, पण माफी मागायची कुणी या विचारात अडकलो.

उत्तर आलं, कौन पंचशील?

तो विजय म्हणून पुण्याचा एक मुलगा निघाला. त्याने तो योद्धा तुझ्याकडून विकत घेतला होता, तू घर सोडलंस त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. भला मुलगा आहे. त्याने मला हाकलून दिलं असतं तरी मी काय करणार होतो? उलट नंबर मागून फोन केला आणि आठवेल ते सगळं सांगितलं. म्हणाला, काका, हडपसरच्या एका कॅफेत भेटला होता, फार वाळलेला होता, कुठल्यातरी गोदामात काम करतो म्हणाला. आता खेळायचं नाही म्हणाला. आणि जाताना परत फिरून म्हणाला, नाव मात्र बदलू नकोस. विजयने बदललं नाही. त्या दिवसापासून मी पुन्हा खेळलो नाही. ज्या जागेत मी दीड वर्ष तुला शोधत होतो तिथे तू पहिल्या दिवसापासून नव्हतास.

विजय दोनदा त्या कॅफेत विचारून आला. मालक म्हणतो, असा मुलगा आधी यायचा, कधीतरी परत येईलही. हे पत्र मी विजयकडे पाठवतोय, तो तिथे ठेवेल. तुझ्या हातात पडेल याची मला फारशी आशा नाही, हे तुला खरं सांगतो.

आता का लिहितोय ते. मंगळवारी रतलामच्या रेल्वे पोलिसांचा फोन आला. रुळांजवळ एक मुलगा सापडला होता, बावीस-तेवीसचा, तुझ्या फोटोशी जुळतो म्हणाले. तुझ्या आईला डबल ड्यूटी सांगून मी एकटा गेलो. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं. हवालदाराने विचारलं, अंगावर काही खूण? तू लहानपणी माझ्यासोबत मिलमध्ये आला असताना साच्याच्या पट्टीवर पडला होतास, गुडघ्याला टाके पडले होते, एवढं आठवलं. कोणता गुडघा, ते आठवेना. त्या मुलाच्या उजव्या गुडघ्यावर व्रण होता. आईला फोन केला असता तर तिने एका क्षणात सांगितलं असतं, पण मी का विचारतोय तेही तिला त्याच क्षणी कळलं असतं. मी तासभर त्या व्हरांड्यात उभा होतो. शेवटी त्यांनी त्याचा हात दाखवला, दंडावर कुठल्यातरी देवाचं नाव गोंदलेलं होतं, जुनं, लहानपणी गोंदलेलं; तुला आम्ही कधी गोंदवलं नव्हतं. तू नव्हतास. मी बाहेर येऊन चहा प्यायलो, दोन कचोऱ्या खाल्ल्या. इतकी भूक मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मग हवालदार सहज म्हणाला, याच्या खिशात काहीच नाही, तीन दिवस वाट पाहून लावारिस म्हणून उरकू. मी शुक्रवारी पुन्हा गेलो. त्याच्यासाठी दुसरं कुणी आलं नव्हतं. मी त्याच्या चितेपाशी उभा राहिलो, संपेपर्यंत. पंचशील, परत ये असं मी म्हणत नाही, ते म्हणायचा हक्क मी त्या कॅफेत घालवला. उत्तरही लिहू नकोस वाटलं तर. फक्त खिशात एक कागद ठेवत जा, आपल्या पत्त्याचा. कपडे बदललेस की तोही आठवणीने दुसऱ्या खिशात टाकत जा. पत्ता तुला पाठ असेल, पण तू सांगू शकणार नाहीस तेव्हा तो लागेल. खाली हिंदीत लिहिलाय, म्हणजे कुणालाही वाचता येईल. तेवढाच तुकडा फाडून घेतलास आणि बाकीचं पत्र फेकलंस तरी चालेल.

तुझाच, तू मानलंस किंवा नाही तरी,
पप्पा

मारुती धोंडिबा तायडे, विहार के पीछे, परदेशीपुरा, इंदौर. यह मेरा बेटा है. कृपया ख़बर करें.