पिल्लूला घरीच ठेवलंय

अरे, उठलास की आधी हे वाच. रात्रपाळीहून आलायस म्हणून हाक मारली नाही.

मी डॉक्टरांकडे जातेय. पिल्लू तुझ्या शेजारीच झोपलंय. उठलं की दूध दे, मग व्हिटॅमिन डीचे थेंब. त्याचे थेंब मी एक दिवस चुकवले नाहीत. माझी त्याच व्हिटॅमिनची आठवड्याची गोळी मात्र दोन महिने ड्रॉवरमध्ये पडून होती, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. ओरडू नकोस.

तू चिडवतोस, "सत्ताविसाव्या वर्षी काय म्हातारीसारखं आई गं, आई गं!" मीही हसण्यावारी नेलं. मांड्यांत जीव नसायचा, वाटलं जागरणं आहेत. दिवसभर तळघरात शिवणमशीनवर बसते, ऊन दिसतं ते सुट्टीलाच.

दोनदा पेन खाली ठेवलं, पण सांगायलाच हवं. काल जिना उतरताना पायच गेले आणि मी धपकन बसले. पिल्लू कडेवर होतं. त्याला काही झालं नाही, उलट खिदळलं; वाटलं असेल, आई खेळतेय. मला मात्र शेजारीण येईपर्यंत उठवेना.

म्हणून आज त्याला नेलं नाही. यापुढे जिन्यात तूच घे त्याला. मी कठडा धरून उतरते.