दूध गोडच असतं

आई,

शुगर तपासायला पंचवटीत लॅबवर जातेय, अकरापर्यंत येईन. छकुलीसाठी माझं दूध काढून फ्रिजमध्ये स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलंय. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि चमच्याने पाजा. पावडरचा डबा शोधू नका, तो मी पिशवीत घालून नेलाय.

काल तुम्ही बोटाने चाखून शेजारच्या काकूंना म्हणालात, "गरोदरपणात शुगर होती ना हिला, बघा, दूधसुद्धा गोड लागतंय!" मी डॉक्टरांना विचारलं. दुधात थोडाफार फरक पडतही असेल, पण बाळाला तेच पाजायचं, म्हणाल्या. आणि गोड तर सगळ्याच आयांचं असतं.

हे तान्हे होते तेव्हा तुमचंही गोडच असणार. फक्त कोणी चाखून बघायला गेलं नाही.

शुभांगी