गेल्या वर्षीचा गणपती

१६ ऑगस्ट

टेक्सासची बाई आली आज! नदीकाठी रडत हिंडते म्हणे, आपली बुडालेली मुलं शोधते. परेशने ह्यूस्टनहून किमयासाठी व्हॉइस मेसेज पाठवला. जहाज ज्या राज्यात लागेल तिथलं एक भूत लेकीला पाठवायचं, हा बापलेकीचा करार. बंदरावरच्या खलाशांच्या क्लबात हा कुणीतरी म्हातारा गाठतो आणि गोष्ट काढून घेतो. किमयाने फ्रिजवर अमेरिकेचा नकाशा लावलाय, त्यात पेन्सिलीने भुतं काढते. दहा वर्षांची घोडी, पण रात्री बाथरूमला जाताना मला उठवते!

मी डबा भरत ऐकत होते. गोष्ट संपली की नेहमी विचारतो, अण्णा काय म्हणतायत? आज नाही विचारलं. सुटले.

अण्णा, परेशचे वडील, मंगळवारी गेले. चिंचवडला, रूपेशभावजींकडे, दुपारच्या झोपेत. परेशला सांगितलेलं नाही.

१७ ऑगस्ट

का नाही सांगितलं, ते निदान इथे तरी लिहून ठेवते.

जहाजावरच्या माणसाला असली बातमी द्यायची नाही. आमच्यासारख्या घरांत असंच करतात. तो तिथून येऊ शकत नाही. रडायलाही कुणी जवळ नाही. आणि पुन्हा इंजिन रूममध्ये उतरायचंच असतं. माझ्या मैत्रिणीच्या, शुभदाच्या नवऱ्याला भर समुद्रात आई गेल्याचं कळलं, आणि आठवड्यात पंपात बोटं गेली त्याची. तीच पहिल्यांदा म्हणाली, ‘सांगू नकोस गं.’ भावजींचंही तेच मत पडलं. परेश सप्टेंबरात उतरतोय. तोवर दातखीळ.

मी चिंचवडलाही गेले नाही. शाळा चालू असताना मायलेकी अचानक पुण्याला का, हे त्याला काय सांगणार होते? अण्णांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं, इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी उभी राहून. फार वाईट वाटतंय. मला सून म्हणून कधी वागवलंच नाही त्यांनी, लेकच मानलं. फोन केला की आधी माझ्याशी बोलायचे, मग मुलाशी.

१९ ऑगस्ट

लुइझियाना! दलदलीत लांडग्याच्या तोंडाचा माणूस फिरतो. त्याला बारापर्यंतच मोजता येतं. उंबऱ्यावर तेरा वस्तू ठेवल्या की तो मोजत बसतो, चुकतो, पुन्हा मोजतो, तोवर उजाडतं.

किमयाने लगेच दारात तेरा नाणी मांडली. मी ओरडलेच तिच्यावर. तेरा म्हटल्यावर मला काय आठवतंय ते तिला कसं कळणार! मग जवळ घेतलं.

याही वेळी अण्णांचं विचारलं नाही त्याने. कामात असेल.

२१ ऑगस्ट

दहावा. भावजींनी घाटावरून फोन केला. कावळा शिवेना. किती वेळ सगळे उभे. भावजींनी घराचं सांगून पाहिलं, शेतीचं सांगितलं, काही नाही. शेवटी हात जोडून म्हणाले, ‘दादाला सुखरूप घरी आणतो.’ तेव्हा शिवला.

म्हणजे अण्णांचाही जीव तिथेच अडकला होता. आता ही जबाबदारी माझी. मी कसली आणणार त्याला सुखरूप? मला साधी पोळी धड भाजता येत नाहीये सध्या.

२४ ऑगस्ट

खाली ब्लॉकसमोर चिनी लोकांचा भुतांचा महिना सुरू झालाय. पत्र्याच्या पिंपात कागदी नोटा जाळतात, संत्री ठेवतात, अगरबत्त्या लावतात. मैदानात गाण्यांचं स्टेज बांधलंय, पुढची रांग रिकामी. ती गेलेल्या माणसांसाठी.

किमयाने विचारलं, ‘आई, आजोबा सिट देअर कॅन ऑर नॉट?’ मी म्हटलं, आपल्यात पितृपंधरवडा असतो, तो अजून यायचाय. तर म्हणते, पण आजोबांना काय माहीत, ते नवीन आहेत ना.

हसू की रडू!

संध्याकाळी ती पप्पांना मेसेज रेकॉर्ड करत होती आणि ‘आजोबा यू नो’ इथपर्यंत पोचली. मी फोन हिसकावला, पुसून टाकला. तिचा चेहरा पडला. लहान पोरीला खोटं शिकवतेय मी, दुसरं काय.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. घरातलं माणूस गेलेलं, तेव्हा यंदा गणपती नाही. लिटिल इंडियातून दरवर्षी मूर्ती आणतो त्या दुकानासमोरून बसने गेले, मान वळवून.

पण परेश फोटो मागणार! दरवर्षी जहाजावर मी पाठवलेल्या फोटोसमोर आरती करतो. सकाळपासून जीव टांगणीला. शेवटी त्याने मागायच्या आत मीच गेल्या वर्षीचा फोटो पाठवून दिला. तीच आरास, तोच पाट, कुणाला काय कळतंय? वर ‘बाप्पा मोरया’ही लिहिलं. देवा, माफ कर.

उत्तर आलं — ‘छान.’ एवढंच.

२८ ऑगस्ट

मेले!!

आत्ता तो फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात हात आहे. टाळ धरलेला, मनगटाला लाल दोरा. अण्णांचा हात! गेल्या वर्षी ते गणपतीला इथे आले होते, सोफ्यावर बसून आरती म्हणत होते. मी फोटो कापताना चेहरा गेला, हात राहिला.

पुसायला गेले तर दोन निळ्या खुणा. पाहिलाय त्याने.

आता विचारेल. अण्णा सिंगापुरात कधी आले? मला कुणी सांगितलं कसं नाही? काय उत्तर देऊ?

३० ऑगस्ट

विचारलं नाही.

कालही नाही, आजही नाही. बायकोची नवी कुर्ती न दिसणारा माणूस आहे तो, मान्य. पण बापाचा हात?

१ सप्टेंबर

साउथ कॅरोलायना. वादळ यायच्या आधी किनाऱ्यावर राखाडी कपड्यातला एक माणूस चालताना दिसतो. ज्याला दिसेल त्याने घर सोडून निघायचं. परत येईपर्यंत शेजारपाजारची घरं गेलेली असतात, त्याचं तेवढं उभं. परेशचा आवाज बसलेला वाटला. शेवटी किमयाला म्हणाला, ‘सगळी भुतं वाईट नसतात गं बाळा. काही राखणीला असतात.’

किमयाला आवडली नाही गोष्ट. भीती नाहीच म्हणाली.

मी व्हिडिओ कॉल लावला. कापला त्याने. ‘नेट नाही.’ व्हॉइस मेसेजला नेट आहे, चेहरा दाखवायला नाही! कधीपासून पाहिलं नाही मी त्याला? मागच्या महिन्यातला एकही व्हिडिओ कॉल आठवत नाही. काय लपवतोय? भाजलाय? हात गेलाय कशात? का तिकडे दुसरंच काही...? नाही, हे लिहिणार नव्हते.

३ सप्टेंबर

शुभदाला भेटले सेरंगूनच्या मॉलमध्ये. ती म्हणाली, तुझा आवाज ऐकून त्याला संशय आला असेल, हसून बोलत जा. हसून!

भावजींना फोन केला — तुम्ही बोललात का काही? शपथेवर नाही म्हणाले.

सारखी त्या जहाजांच्या ॲपवर त्याचं जहाज बघत असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या जवळ एक हिरवा ठिपका. ठिपका पुढे सरकला की श्वास सोडते. त्याला कळलं असलं आणि तो तसाच, कुणाशी न बोलता, त्या गरम यंत्रांमध्ये उतरत असला तर? शुभदाच्या नवऱ्याची बोटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

५ सप्टेंबर

न्यू जर्सीचा सैतान — घोड्याचं तोंड, वटवाघळाचे पंख. किमया खूश, चांगलं भयंकर आहे म्हणाली. हे शेवटचं बंदर. इथे उतरून विमान.

आज राहवलं नाही. लिहिलं, ‘तू बरा आहेस ना? खरं सांग.’

‘मी बरा आहे. तू जेवतेस ना वेळेवर?’

पंधरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच.

८ सप्टेंबर

उद्या येतोय. कसं सांगायचं ते ठरवलंय. विमानतळावर नाही. घरी आणायचं, अंघोळ, वरणभात. किमयाला खाली खेळायला पाठवायचं. मग भावजींना फोन जोडून द्यायचा आणि मी शेजारी बसायचं. ‘अण्णा झोपेत गेले, त्रास झाला नाही’ — हे आधी. बाकी मग. आरशासमोर म्हणून पाहिलं. दोनदा रडू फुटलं, तिसऱ्यांदा जमलं.

पंधरवडा लागलाय. आता निदान तिथीला तरी त्याच्या हातून पाणी पडेल अण्णांना.

९ सप्टेंबर

चांगी विमानतळावर दार सरकलं आणि तो आला. धडधाकट. डोक्यावर टोपी. किमयाने उडी मारून ती ओढली आणि खिदळली, ‘पप्पा, यू बोटाक अरेडी!’ इकडे टकलाला बोटाक म्हणतात.

डोकं भादरलेलं, त्यावर बारीक खुंट. लग्नाआधीपासूनची मिशीही नाही.

म्हणाला, ‘अण्णा रोज सकाळी मेसेज करून मला हवामान विचारायचे. विचारेनासे झाले. मग शेजारच्या प्रतापकाकांना फोन केला. दहाव्याला आमच्या कुकने वस्तरा फिरवला.’

मला का नाही सांगितलंस, एवढंच निघालं तोंडातून.

‘मला सांभाळायचंय म्हणून तू उभी होतीस, विद्या. ते तुझ्याकडून कसं काढून घेणार होतो?’

तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, आम्ही दोघं अण्णांसाठी पहिल्यांदा एकत्र रडलो.