करंगळीकडचं हाड

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस, पण जिन्यावरून पडले आणि डावा हात मोडला. हाड नीट जुळेल का ते बघ, म्हणून एक्स-रेची फिल्म सोबत पाठवतेय. जन्मभर लोकांची हाडं बघणारा भाऊ असताना दुसऱ्याला कशाला विचारू? स्वयंपाक सध्या तुझे दाजी करतात. मीठ तेवढं त्यांना सापडत नाही. अप्पांना आता माणसं ओळखू येत नाहीत, मला आईच्या नावाने हाक मारतात. बाकी सारं ठीक.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हाड जुळेल. पण तू जिन्यावरून पडलेली नाहीस. पडणारा माणूस तळवा टेकतो आणि हात मनगटाशी मोडतो. तुझं करंगळीकडचं हाड मध्यावर तुटलंय, शेजारचं शाबूत आहे. डोक्यावर येणारा फटका हातावर झेलला की ते असं तुटतं. बावीस वर्षं हेच बघतोय, मला शेंडी लावू नकोस. आणि मी दाजींना गरीब गाय समजत होतो! रविवारी येतोय.

तुझ्या लोभातला,
धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायला आज मन धजत नाही. तू आलास, एका शब्दाने विचारलं नाहीस, दाराचा लोखंडी अडसर उचललास आणि यांचं तोंड फोडलंस. नाक मोडलं, तीन दात पडले. मी ओरडत होते ते तुझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. फरशीवरचं रक्त मी एका हाताने पुसलं.

माझं खोटं तू बरोबर पकडलंस आणि त्याच्या जागी स्वतःचं बसवलंस. मला अप्पांनी मारलं, काठीने, आई समजून. पुन्हा उलट बोललीस, असं म्हणत मारलं. तू त्यांना कुठेतरी टाकून येशील म्हणून मी लपवलं, यांनाही गप्प बसवलं. आई किती वेळा पडायची, आठवतं?

ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस सा. न.

दाजींचे पाय धरले तरी दात परत येणार नाहीत, हे कळतं. आईची जुनी फिल्म माझ्याकडे आहे. काल काढून खिडकीशी धरली. तेच हाड, तीच जागा. शिकाऊ होतो तेव्हा तीच फिल्म घेऊन, आई न्हाणीत घसरली, असं मी सरांना ठणकावून सांगितलं होतं.

ही शेजारीच उभी होती. तिला दाखवायला मी फिल्म जरा वर उचलली, तर तिचा हात आपोआप तोंडापुढे गेला. आमचं झकास चाललंय, असं तुला वर्षानुवर्षं लिहीत आलो. तेही खोटं, ताई. मी तिला मारतो.

उद्या तिला माहेरी सोडतोय. परत यायचं की नाही ते ती ठरवील. रविवारी अप्पांना न्यायला येतो. काठी बरोबर देऊ नकोस. या घरात आता आम्ही दोघेच राहू, एकमेकांना शोभणारे.

लोभ ठेव म्हणत नाही. दार उघड, एवढंच.

धाकटा